सहा ठिपक्यांचा काळा भुंगेरा: नागपूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृग लागला की फोटो यायला लागतात. काळा, लांब पायांचा, पाठीवर पांढरे ठिपके असलेला मोठा किडा, आणि खाली एक ओळ: "हे काय आहे?" कोणाला गोरेवाड्याच्या बाजूला फिरताना दिसलेला असतो, कोणाला पेंचच्या वाटेवर, कोणाच्या थेट अंगणात निघालेला असतो. विचारणारे दरवेळी नवे, पण प्रश्न बहुतेक तेच, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. डोळ्यात फवारा गेला असेल तर बाकी काही वाचत बसू नका, सरळ प्रश्न ५ वर जा.

१. हा नेमका कोणता किडा आहे? नाव काय याचं?

याचं शास्त्रीय नाव अँथिया सेक्सगटाटा. हा कॅराबिडी कुळातला, म्हणजे जमिनीवर धावून शिकार करणाऱ्या भुंगेऱ्यांपैकी. या कुळात जगभरात सुमारे ४०,००० जाती आहेत आणि आपला हा त्यातल्या चांगल्या धिप्पाड जातींमध्ये मोडतो. लांबी साधारण ४ सेंटीमीटर. जीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसचे शिष्य असलेले डॅनिश कीटकशास्त्रज्ञ योहान ख्रिश्चन फॅब्रिसियस यांनी १७७५ साली याचं वर्णन छापलं. म्हणजे भारतातल्या ज्या किड्यांची शास्त्रात फार लवकर नोंद झाली, त्यांपैकी हा एक. तरी गावोगावी याला फक्त "तो मोठा काळा किडा" म्हणतात. मी इथे "सहा ठिपक्यांचा भुंगेरा" असंच म्हणणार आहे.

२. पक्कं ओळखायचं कसं? काळे किडे तर पुष्कळ असतात.

ठिपके मोजा आणि ते कुठे आहेत ते बघा. डोक्याच्या लगेच मागे जो छातीचा भाग दिसतो त्यावर दोन, आणि पाठीवरच्या टणक कवचावर चार, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. ठिपके पांढरे किंवा जरा पिवळसर असतात, बाकी अंग काळं. छाती पाठीपेक्षा अरुंद असल्यामुळे मान, कंबर असे भाग वेगवेगळे दिसतात. जबडे पुढे आलेले आणि अणकुचीदार, मिशा लांब आणि दोऱ्यासारख्या. पाय इतके लांब की चालताना पोट जमिनीला टेकत नाही.

शेणकिडा गोलमटोल असतो, गेंड्या भुंग्याच्या डोक्यावर शिंग असतं, हुमणीचा भुंगेरा तपकिरी असतो आणि दिव्यावर येऊन आपटतो. यांच्याशी गल्लत होऊ नये. खरी गल्लत होते ती याच कुळातल्या काही लहान भुंगेऱ्यांशी. त्यांच्या काळ्या पाठीवर चार नारिंगी ठिपके असतात आणि छातीवर एकही नसतो. ठिपके कमी-जास्त दिसत असतील तर प्रश्न १२ आणि १३ बघा.

३. नागपुरात हा कुठे आणि केव्हा दिसतो?

जिथे कोरडं पानगळीचं जंगल किंवा झुडपी रान शिल्लक आहे, तिथे. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, पळस असं आपलं जे रान आहे, ते याला मानवतं. खाली पालापाचोळा हवा, मधेमधे धावायला मोकळी जमीन हवी, लपायला दगड, पडलेली लाकडं, भेगा हव्यात. त्यामुळे गोरेवाडा, पेंच, बोर, उमरेड-पवनी-कऱ्हांडला या बाजूच्या जंगलवाटांवर नजर जमिनीकडे ठेवून चालणाऱ्याला हा भेटण्याची शक्यता असते. सीताबर्डीच्या बाजारात भेटणार नाही.

नागपूरचा मे महिना माहीत आहेच. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उघड्या जमिनीवर पाय ठेववत नाही. त्या दिवसांत हे जीव सावलीत, दगडाखाली, पाचोळ्याच्या थरात राहतात. पहिले पाऊस पडले की जमीन थंड होते, इतर किडे बाहेर पडतात आणि त्यांच्या मागे हाही दिसू लागतो. फिरायला जाणाऱ्यांनी पहाटेची आणि दिवेलागणीची वेळ धरावी.

४. हा चावतो का? विषारी आहे का?

विषाचा दात किंवा नांगी याला नाही. पकडलं तर जबड्याने जोरात चिमटा घेतो, पण खरं शस्त्र मागच्या टोकाला आहे. पोटाच्या शेवटी दोन ग्रंथी असतात, त्यांत फॉर्मिक आम्ल भरलेलं असतं. डिवचला, दाबला किंवा कोपऱ्यात अडकवला की हा ते आम्ल फवाऱ्यासारखं मारतो, आणि हातभर अंतरावरच्या चेहऱ्यापर्यंतही ते पोहोचू शकतं. मुंग्यांकडे असतं तेच हे आम्ल, पण इथे ते चांगलंच तीव्र आणि भरपूर असतं.

स्वतःहून हा माणसाच्या अंगावर येत नाही. आतापर्यंत माझ्याकडे आलेल्या तक्रारींमध्ये प्रत्येक वेळी कोणीतरी त्याला उचललं होतं, काडीने टोचलं होतं किंवा फोटोसाठी फोन अगदी तोंडाशी नेला होता.

५. माझ्या मुलाच्या डोळ्यात याचा फवारा गेला. काय करू?

लगेच स्वच्छ पाण्याने डोळा धुवा. नळाची बारीक धार, बाटलीतलं प्यायचं पाणी, जे हाताशी असेल ते. पापण्या बोटांनी उघड्या धरा, डोकं त्या डोळ्याच्या बाजूला कलतं ठेवा म्हणजे वाहतं पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. किमान १५ ते २० मिनिटं धूत राहा. मूल रडेल, तरी थांबू नका. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा. डोळा चोळू देऊ नका.

गुलाबपाणी, दूध, मध, घरात पडलेले जुने थेंब यातलं काहीही घालायचं नाही. आणि आग कमी झाली म्हणून घरी थांबू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. मेडिकल आणि मेयो या नागपुरातल्या दोन्ही सरकारी रुग्णालयांत नेत्र विभाग आहे. डॉक्टरांना "किडा होता" एवढंच सांगू नका, "आम्ल मारणारा भुंगेरा होता" असं सांगा. फोटो असेल तर दाखवा. बुबुळाला इजा झाली आहे का, हे त्यांना तपासून बघावं लागतं.

६. हातात घेतला होता, आता जळजळ होऊन राहिली आहे. काय लावू?

आधी पाणी. साबण लावून, वाहत्या पाण्याखाली बराच वेळ हात धरा. बोटांना आम्ल लागलेलं असताना डोळे, नाक, तोंड यांना हात लावू नका. हात धुवायच्या आधी डोळे चोळल्यामुळेच पुष्कळांचं दुखणं वाढतं. कपड्यावर फवारा गेला असेल तर तो कपडा उतरवा. चुना, हळद, टूथपेस्ट, लिंबू यांच्या वाटेला जाऊ नका. लिंबू तर स्वतःच आम्ल आहे आणि चुना कातडी आणखी भाजतो. कातडीवर डाग पडून ती काही दिवसांनी सोलली जाऊ शकते. फोड आले, जखम मोठी असली किंवा लहान मुलाला लागलं असलं तर डॉक्टरांना दाखवा.

मेलेला भुंगेराही नुसत्या हाताने उचलू नका. नुकताच मेलेला असेल तर ग्रंथीत आम्ल उरलेलं असू शकतं आणि दाबला की ते बाहेर येतं.

७. कुत्र्याने तोंडात धरला आणि लाळ गाळून राहिला. घाबरण्यासारखं आहे का?

तोंडाला आग झाल्यामुळे कुत्रा लाळ गाळतो, डोकं झटकतो, पंजाने तोंड घासतो. भरपूर पाण्याने तोंड धुऊन काढा, पाणी घशात न जाता बाहेर पडेल असं त्याचं डोकं खाली ठेवा. प्यायला पाणी द्या. डोळे मिटत असेल, खात-पीत नसेल किंवा जिभेवर फोड दिसले तर पशुवैद्याकडे न्या. डोळ्यांसाठी प्रश्न ५ मधलीच पद्धत.

८. हा खातो तरी काय?

शिकार. टोळ, नाकतोडे, अळ्या, इतर भुंगेरे, वाळवी, जमिनीवर जे सापडेल आणि जबड्यात मावेल ते. जाळं नाही, दबा धरणं नाही. लांब पायांच्या जोरावर धावून गाठायचं आणि जबड्यात पकडायचं. एकदा याला वाटेवर धावताना दुरून शांतपणे बघा. मधेच थबकतो, मिशा हलवून अदमास घेतो, दिशा बदलतो, परत सुसाट निघतो. पेंचला जाऊन वाघ दिसला नाही म्हणून हिरमुसणाऱ्यांना मी नेहमी सांगतो की गाडीतून उतरायची परवानगी असेल तिथे पायाखालच्या या शिकाऱ्याला पाच मिनिटं द्या. शिकार करताना वाघ दिसणं जन्मात एखाद्या वेळी. याची शिकार थोडा धीर धरला तर दिसते.

९. आमच्याकडच्या सागाच्या पानांची पार जाळी झाली आहे. हे यानेच केलं का?

मुळीच नाही. पावसाळ्यात सागाच्या पानांचा हिरवा भाग खाऊन नुसत्या शिरा ठेवतात त्या पतंगांच्या अळ्या. सागावर दोन पतंग मुख्य त्रास देतात, एकाच्या अळ्या पानाची जाळी करतात, दुसऱ्याच्या अळ्या पानं जवळजवळ पूर्ण फस्त करतात. या दुसऱ्याच्या अळ्या कोषात जाण्यासाठी झाडावरून खाली पाचोळ्यात उतरतात, आणि पाचोळा हे जमिनीवरच्या शिकारी भुंगेऱ्यांचं राज्य. तेव्हा सागाची पानं वाचवायची असतील तर हा आपल्या बाजूचा आहे.

१०. संत्र्याच्या बागेत दिसला. फवारणी करू का?

याच्यासाठी करू नका. हा पान, फूल, फळ, मूळ यांपैकी कशालाही तोंड लावत नाही. काटोल, नरखेडकडच्या बागा जिथे रानाला लागून आहेत तिथे तो कुंपण ओलांडून येऊ शकतो, आणि आला तर जमिनीवरचे किडेच खाईल. मातीत टाकायची दाणेदार कीटकनाशकं मात्र जमिनीवर राहणाऱ्या सगळ्यांनाच मारतात, त्यात हाही जातो आणि कोळीही जातात. गरज असेल तेव्हा, जिथे गरज आहे तिथेच वापरा. मजुरांना एवढं सांगून ठेवा की तण काढताना ठिपक्यांचा काळा किडा दिसला तर हात लावू नका.

११. याला उडता येत नाही म्हणतात. मग रात्री दिव्याखाली कसा आला?

चालत आला. याच्या पाठीवरची दोन कवचं एकमेकांना जुळून गेलेली असतात, ती उघडून उडणं याला शक्य नाही. दिव्याकडे इतर किडे उडत येतात, भिंतीला आपटून खाली पडतात, आणि ही आयती पंगत बघून हा तिथे पोहोचतो. तुमच्या डोळ्यांदेखत उडत आलेला मोठा काळा भुंगेरा असेल तर तो वेगळी जात आहे, ठिपके परत मोजा. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर सापडला असेल तर कुंडीच्या मातीबरोबर, लाकडाबरोबर किंवा बांधकामाच्या सामानाबरोबर आला असण्याची शक्यता जास्त.

१२. मला चारच ठिपके दिसले, एकावर तर फारच पुसट होते. जात वेगळी का?

बहुतेक वेळा जात तीच असते. हे ठिपके रंगवलेले नसतात, ते बारीक पांढऱ्या केसांचे पुंजके आहेत. दगडाखाली घुसून, मातीत वावरून केस झिजतात आणि ठिपका पुसट होतो किंवा जातो. ओला चिखल बसला तरी तसंच दिसतं. शिवाय ठिपक्यांचा आकार एका भुंगेऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत थोडा बदलतो. अशा वेळी ठिपके सोडा. अंगाची लांबी, अरुंद छाती, पुढे आलेले जबडे आणि लांब पाय यांवरून ठरवा. ठिपके नारिंगी असतील तर प्रश्न २ मधले चार ठिपकेवाले.

१३. कर्नाटकात फिरायला गेलो होतो, तिथे सात ठिपक्यांचा दिसला. तो याचा भाऊ का?

तो भुंगेरा नव्हताच, ते झुरळ होतं! थेरिया पेटिव्हेरियाना नावाचं हे रानझुरळ दक्षिण भारतातल्या झुडपी जंगलांत राहतं, अंग काळं आणि त्यावर सात पांढरे ठिपके. आकाराने जास्त गोल आणि चपटं. आपल्या भुंगेऱ्याकडे आम्ल आहे, या झुरळाचं रूप त्याच्यासारखं आहे, आणि त्यामुळे पक्षी-सरडे त्याला टाळत असावेत असं मानलं जातं. घरातल्या झुरळाशी त्याचा काही संबंध नाही, मारू नका.

आफ्रिकेत तर याहून नवल आहे. तिथे याच वंशाचे ठिपकेवाले, आम्ल मारणारे भुंगेरे आहेत. कलहारीच्या वाळवंटात हेलिओबोलस लुगुब्रिस नावाच्या सरड्याची पिल्लं काळी-पांढरी असतात आणि पाठ वाकवून, पाय ताठ करून भुंगेऱ्यासारखी चालतात. मोठी झाली की रंग वाळूसारखा होतो आणि चालही साध्या सरड्याची होते. रेमंड ह्युई आणि एरिक पियान्का या दोघांनी १९७७ साली हे प्रसिद्ध केलं. एखाद्या किड्याचा दरारा केवढा असेल, की पाठीचा कणा असलेला प्राणी त्याची नक्कल करून लहानपण निभावून नेतो.

१४. रात्री काही कळलं नाही, सकाळी मानेवर लांबट लाल चट्टा आणि फोड. हाच असेल का?

नाही. याचं आम्ल लागलं की आग त्याच क्षणी होते, झोपेतूनही जाग येईल. दुसऱ्या दिवशी उमटणारा लांबट चट्टा बहुधा पेडेरस नावाच्या बारीक, लालसर-काळ्या किड्याचा असतो. तो पावसाळ्यात ट्यूबलाइटवर येतो आणि अंगावर चिरडला गेला की त्याच्या शरीरातला रस कातडी जाळतो. फुलांवर बसणारे नारिंगी-काळ्या पट्ट्यांचे हिंगे हेही फोड आणतात, तेही उशिराने. "फट्" असा आवाज करून गरम वाफेसारखा फवारा मारणारा पिवळा-काळा भुंगेरा सापडला असेल तर तो बॉम्बार्डियर, याच कुळातला, पण त्याचं रसायन निराळं. चौघांनाही पहिला उपाय साबण आणि पाणी.

१५. याची पिल्लं कशी असतात?

भुंगेऱ्याचं लहान रूप म्हणजे अळी, आणि ती दिसायला आईबापांसारखी मुळीच नसते. अंडं, अळी, कोष, भुंगेरा असे चार टप्पे. अळीही शिकारी असते, जमिनीत राहते आणि तिथेच कोष करते. लहान ठिपकेवाला भुंगेरा दिसला म्हणून ते पिल्लू समजू नका. कोषातून निघालेला भुंगेरा पुढे वाढत नाही.

१६. शाळेच्या प्रकल्पासाठी बरणीत धरून नेला तर चालेल का? पाळता येईल का?

मुलांच्या हाती हा देऊच नये, कारण प्रश्न ५. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय कोणताही जीव उचलून नेणं कायद्याने गुन्हा आहे, त्यात किडाही आला. प्रकल्पासाठी फोटो काढा. एक मीटर तरी लांबून, फोनचा झूम वापरून, शक्यतो चष्मा लावून. वरून एक, बाजूने एक, आणि जागा कळेल असा एक. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर तारीख आणि ठिकाणासह टाकला तर तो अभ्यासकांच्याही कामी येतो. वर्गात टाचणीवर लावलेल्या एका भुंगेऱ्यापेक्षा मुलांनी केलेल्या दहा नोंदी मला कितीतरी मोलाच्या वाटतात.

१७. जंगलात आग लागते तेव्हा यांचं काय होतं?

मरतात. हा प्रश्न फार कमी जण विचारतात, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

विदर्भात फेब्रुवारीपासून जूनपर्यंत वणव्यांचे दिवस. मोहाची फुलं टिपायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला नवी पालवी चांगली फुटावी म्हणून रान पेटवतात, कधी विडीचं थोटूक पुरतं. जमिनीसरशी पसरणारी ही आग मोठ्या झाडाला फारशी लागलेली दिसत नाही, म्हणून लोकांना वाटतं की काही बिघडलं नाही. पण जळतो तो पाचोळ्याचा थर, आणि या भुंगेऱ्याचं अन्न, आसरा, सावली सगळं त्याच थरात असतं. उडता येणारे किडे निघून जातात. हा दगडाच्या भेगेत किंवा मातीत शिरला तर वाचतो, नाहीतर नाही.

पुढची अडचण त्याहून मोठी. रान परत हिरवं झालं तरी याला तिथे पायीच परत यावं लागतं, आणि मधे डांबरी रस्ता, लेआउट किंवा भिंत असली तर तो येत नाही. रानाचे तुकडे पडले की प्रत्येक तुकड्यातले भुंगेरे तिथेच अडकतात. त्या तुकड्यातले संपले, की संपले. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ खालून वन्यप्राण्यांसाठी मार्ग ठेवले आहेत. वाघ-चितळांसाठी ते बांधले, पण खाली माती आणि पाला राहिला तर या पायी चालणाऱ्या लहानग्यांनाही वाट मिळते.

मोह वेचणाऱ्यांना दोष देऊन काही होणार नाही, ती त्यांच्या घरची भाकर आहे. झाडाखालची जागा झाडून घेतली किंवा जाळी अंथरली तरी फुलं नीट गोळा होतात, आणि ती स्वच्छही राहतात. शहरात राहणाऱ्यांनीही कॉलनीतला पाचोळा पेटवणं बंद करावं, विशेषतः रानाला लागून असलेल्या वस्त्यांनी.

१८. अंगणात निघाला आहे. मारू का?

मारू नका, झुरळांचा स्प्रेही मारू नका. चिडला तर फवारा तुमच्याकडेच येईल. मुलांना आणि कुत्र्याला आत घ्या आणि वाट मोकळी ठेवा. बहुतेक वेळा तो स्वतःच निघून जातो. घरातच शिरला असेल तर लांब दांड्याच्या सुपलीत झाडूने हळूच लोटा, तोंड लांब ठेवा आणि बाहेर झुडपाखाली सोडा. डबा उपडा ठेवून खालून पुठ्ठा सरकवला तरी जमतं. हातमोजे असले तरी मुठीत धरायचा नाही.

१९. पकडलाच आहे, तर गोरेवाड्याला नेऊन सोडू का? तिथे सुखी राहील.

हेतू चांगला आहे, पण नेऊ नका. तो तुमच्या अंगणात आला म्हणजे जवळपास कुठेतरी त्याला पुरेल एवढं रान, पडीक जागा किंवा नाला आहे, आणि त्याचे सोबतीही तिथेच असणार. दहा किलोमीटरवर सोडला तर त्याला परत येता येत नाही आणि इथला एक कमी होतो. घरापासून थोड्याच अंतरावर, पाला आणि दगड असतील अशा सावलीच्या जागी सोडा. रस्ता ओलांडताना दिसला असेल तर ज्या दिशेला निघाला होता त्याच बाजूला सोडा, उलट नेलं तर तो पुन्हा रस्त्यावर येईल. आजूबाजूची सगळी जागा खोदून सपाट केली असेल आणि कुठेच रान उरलं नसेल, तर मात्र वनविभागाच्या जवळच्या कार्यालयात विचारून, त्यांच्या सांगण्याप्रमाणे करा.